डायल काय म्हणतं आणि मशीन काय म्हणतं

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. प्राथमिक साधन हातात असेल तर ते खरं आहे हे वेगळं सिद्ध का करायचं? आणि करायचंच तर कसं? पाठ्यपुस्तकात याला बाह्य परीक्षण, अंतर्गत परीक्षण अशी नावं आहेत. नावं पाठ होतात, पण मुलाखतीत 'उदाहरण द्या' म्हटलं की समोरचा गप्प होतो. म्हणून आज उदाहरणच घेऊ. कागद नाही, शिलालेख नाही, मनगटी घड्याळ. महागडी घड्याळं आणि त्यांच्या नकला या विषयावर इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, पण बरंचसं 'हे पाच मुद्दे बघा' छापाचं. त्या मुद्द्यांमागचा इतिहास कळला तर मुद्दे पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात रोलेक्सपासून करणार नाही. एचएमटी जनतापासून करते, कारण आपल्या भागात अस्सल-नक्कलचा सगळ्यात मोठा गोंधळ तिच्याच बाबतीत आहे.

समजा, तुम्ही रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात. एका चादरीवर वीसेक घड्याळं मांडलेली आहेत. त्यात एक जनता आहे. लालभडक डायल, त्यावर पांढरे देवनागरी आकडे, काटे चकचकीत, चावी दिली की चालतंय. विकणारा म्हणतो, 'ओरिजिनल आहे ताई, कंपनी बंद झाली, आता मिळणार नाही.' यातली दोन वाक्यं खरी आहेत. एचएमटीने देवनागरी आकड्यांची जनता काढली होती हेही खरं. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तीही नोंद सहज सापडते. मशीन उघडलं तर तेही बहुधा एचएमटीचंच निघेल. मग खोटं काय आहे? डायल. कुणीतरी जुनं डायल खरवडून, त्यावर रंग मारून, नव्याने छपाई केलेली आहे. जगभरातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने नाही.

आता प्रश्न असा: हे घड्याळ नकली आहे का? लगेच 'हो' म्हणू नका. आधी थोडं मागे जाऊ.

मुंबईत स्विस घड्याळं आली ती स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी. फाव्र-ल्यूबा ही १७३७ पासूनचा वारसा सांगणारी कंपनी १८६० च्या दशकात हिंदुस्थानात व्यापाराला उतरली. वेस्ट एंड वॉच कंपनीची कहाणी तर आणखी मजेची. नाव लंडनचं वाटतं, माल स्विस, आणि बाजारपेठ मुंबई नि कलकत्त्याची. त्यांच्या एका गाजलेल्या मॉडेलचं नाव होतं 'सोवार', म्हणजे आपला स्वारच, घोडदळातला. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या मनगटांवर ही घड्याळं होती. आतलं मशीन अनेकदा लाँजिन्ससारख्या दुसऱ्याच कारखान्याचं असे. म्हणजे डायलवर एक नाव आणि मशीनवर दुसरं, आणि तरीही घड्याळ शंभर टक्के अस्सल. हे लक्षात ठेवा. 'दोन नावं दिसली म्हणजे नक्कल' हा नियम इथेच मोडतो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर बंधनं आली. स्विस घड्याळ मिळेना, आणि जे मिळेना त्याची तस्करी सुरू झाली. कायद्यातही याचा ठसा आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १२३ वाचा. तस्करीचा असल्याच्या वाजवी समजुतीने माल जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमाने ज्याच्याकडे माल सापडला त्याच्यावर टाकलेली आहे. एरवी फिर्यादीने सिद्ध करायचं असतं, इथे उलटं. आणि हे कलम कुठल्या मालाला लागू, तर त्यात सोन्याच्या बरोबरीने थेट नाव घेतलंय घड्याळांचं. एका साध्या वस्तूचं नाव कायद्यात सोन्याशेजारी येतं तेव्हा ती वस्तू त्या काळात साधी नव्हती, एवढं तरी कळतं. कायद्याचा मजकूर असा इतिहासाचं साधन म्हणून वाचायची सवय लावून घ्या. बहुतेक विज्ञानशाखेचे विद्यार्थी (मी धरून) हे करत नाहीत.

त्याच सुमाराला सरकारने दुसरी वाट काढली. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे लेथ आणि मिलिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीने, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळाचा कारखाना सुरू केला. भोसरीच्या एखाद्या जुन्या शेडमध्ये डोकावलात तर एचएमटीची लेथ अजून चालू दिसेल, आणि तिच्यावर काम करणाऱ्याच्या वडिलांच्या कपाटात एचएमटीचं घड्याळ. एकाच कंपनीने कामगाराला यंत्र दिलं आणि त्या यंत्रावर यायची वेळही दिली, असं म्हटलं तरी चालेल.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा नेमका याच वर्षांत उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ चं. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को. मावळ, मुळशी, खेडमधून आलेली माणसं, ज्यांच्या घरी वेळ ऊन बघून कळत होती, ती सकाळी सातच्या पाळीला गेटवर पंचिंग करू लागली. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ चा एक गाजलेला निबंध आहे, कारखानदारी आणि घड्याळाच्या शिस्तीवर. तो इंग्लंडबद्दल आहे. पण आमच्याकडे ज्यांना सत्तरच्या दशकातले कामगार भेटतात त्यांनी तो जरूर वाचावा आणि मग त्यांच्याशी बोलावं. कारण थॉम्पसनमध्ये नसलेली एक गोष्ट इथे आहे: आपल्याकडे घड्याळ शिस्तीचं साधन होण्याआधी मानाचं होतं. लग्नात नवरदेवाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ. पुढे अनेक कारखान्यांत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतरही घड्याळच मिळायचं, मागच्या झाकणावर नाव आणि साल कोरून.

आता त्या लाल डायलकडे परत येऊ.

चावीचं घड्याळ वीस-पंचवीस वर्षं घामात, ऑइलमध्ये, पावसाळ्यात वापरलं की सगळ्यात आधी खराब होतं ते डायल. मशीनला तेल देता येतं, काच बदलता येते, चावी बदलता येते. डायलवर ओलावा शिरला की रंग उचलतो, डाग पडतात, आणि तो काही पुसून जात नाही. कंपनीचं नवं डायल मिळालं तर ठीक. नाहीतर घड्याळजी ते रंगवून आणायचा. यात फसवणूक कुठेच नव्हती. गिऱ्हाइकानेच सांगितलेलं असायचं, 'डायल नवीन करून द्या.' आपण दुचाकीची टाकी रंगवून घेतो, तसंच. पत्रिकेला हळद लागलेलं, सासऱ्याने दिलेलं घड्याळ टाकून कोण देणार?

मग फसवणूक कधी झाली? तेच रंगवलेलं घड्याळ 'कारखान्यातून असंच आलं' म्हणून विकलं गेलं तेव्हा. क्वार्ट्झ आलं, टायटनने १९८७ मध्ये उत्पादन सुरू केलं, चावीची घड्याळं घरोघरी कपाटात गेली आणि तिथून भंगारात. २००१ मध्ये आयातीवरची परिमाणात्मक बंधनं उठली आणि परदेशी घड्याळ ही चोरून आणायची गोष्ट राहिली नाही. पण त्याच काळात ऑनलाइन लिलाव सुरू झाले आणि परदेशी गिऱ्हाइकाला भारतातलं स्वस्त, चावीचं, 'व्हिंटेज' घड्याळ हवंसं वाटू लागलं. मागणी आली. कारागीर होतेच, सुटे भाग पोत्याने पडलेले होते. डायल डागाळलंय म्हणून रंगवणं मागे पडलं. विकायचंय म्हणून रंगवणं सुरू झालं. नारिंगी, हिरवं, गुलाबी, कंपनीने स्वप्नातही न काढलेले रंग. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी, एचएमटी, कशालाही तेच.

माझं मत सांगते. 'मुंबई स्पेशल'ला सरसकट नकली म्हणणं हे आळशी वर्गीकरण आहे. त्यात मशीन खरं, केस कधी खरी कधी दुसऱ्याच घड्याळाची, डायल नवं, काटे कुठलेतरी. वस्तू एक आहे पण तिच्या प्रत्येक भागाचं वय वेगळं आहे. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हे लगेच पटेल: मूळ मजकूर एका काळाचा, मधली पानं नंतर लिहून घातलेली, बांधणी त्याहून नवी. पोथी खोटी आहे का? प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न: कुठला भाग कधीचा, आणि विकणारा (किंवा प्रबंध लिहिणारा) त्याबद्दल काय दावा करतोय?

आता तपासायचं कसं, ते बघू. इथे माझ्या विषयाचा थोडा उपयोग होतो. मी धातूंवरच्या प्लेटिंगवर काम करते.

पहिली गोष्ट, जो भाग बदलायला सगळ्यात सोपा त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास. डायल, काटे, काच, पट्टा हे सोपे. मशीन अवघड. पण आपण बघतो उलटं. नाव वाचतो, रंग बघतो आणि निष्कर्ष काढतो. रंगवलेल्या डायलवरची छपाई भिंगाखाली बघा. कारखान्याची छपाई पातळ आणि धारदार असते, अक्षरांच्या कडा स्वच्छ. हाताने किंवा साध्या स्क्रीनने केलेल्या छपाईत शाई जाड बसते, अक्षरं फुगतात, मिनिटांच्या रेघा आणि तासांचे ठोकळे एकमेकांशी जुळत नाहीत. खाली 'स्विस मेड' असेल तर ते सहाच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर आहे का बघा. गंमत म्हणजे बऱ्याचदा खोटेपणा उघड होतो तो अति चांगल्या अवस्थेमुळे. केस झिजलेली, चावीचे दाते गुळगुळीत, मागच्या झाकणावरचा मजकूर पुसट, आणि डायल कालच्यासारखं कोरं. हे कसं शक्य आहे?

दुसरी गोष्ट, एकाच वस्तूतले दोन साक्षीदार एकमेकांशी भिडवा. जनताच्या डायलवर १७ ज्वेल्स लिहिलेलं असतं. हे १७ येतात कुठून? बॅलन्सच्या आसाला वर-खाली मिळून चार, ठोका झेलणारं एक, पॅलेटची दोन, झाले सात. मग पॅलेटचा आस, एस्केप चाक, चौथं चाक, तिसरं चाक आणि मधलं चाक, प्रत्येकाला दोन टोकांना दोन. सात आणि दहा, सतरा. हे माणिक आहेत, पण कारखान्यात बनवलेले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुय यांची कृत्रिम माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली आणि तेव्हापासून घड्याळातला माणिक स्वस्त झाला. डायल २१ म्हणतंय आणि मशीनवर १७ कोरलंय, तर दोघांपैकी एक दुसऱ्या घरातून आलाय. कोण, ते आता तुम्ही सांगू शकता.

तिसरं काम तुम्ही आज रात्री घरी करू शकता. घड्याळ फोनच्या माइकवर ठेवा, दहा सेकंद रेकॉर्ड करा, आणि कुठल्याही मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये लहरींचं चित्र बघा. जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५, दहा सेकंदांत ५०. आजचं बहुतेक महागडं स्वयंचलित घड्याळ २८,८०० च्या गतीचं, म्हणजे सेकंदाला ८, दहा सेकंदांत ८०. सेकंदाला एकच टिक येत असेल तर आत क्वार्ट्झ आहे. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि सर्किट त्याला पंधरा वेळा अर्धा करून एकावर आणतं. आवाजाच्या फाइलवरून घड्याळाचं कूळ सांगता येतं आणि झाकणही उघडावं लागत नाही. वस्तूला धक्का न लावता होणारी चाचणी नेहमी आधी करायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू.

रेडियमबद्दल जरा सावधान. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही काट्याला 'रेडियम' म्हणतात, पण खरं रेडियम जुन्या, साधारण १९६० च्या आधीच्या डायलवर असतं. नंतर ट्रिटियम आलं आणि त्यासाठी डायलच्या तळाशी छोटा 'टी' छापायला लागले. नव्वदच्या दशकापासून किरणोत्सारी नसलेले रंग. आता विचार करा: कुणी म्हणालं, 'हे दुसऱ्या महायुद्धातलं सैनिकी घड्याळ आहे', आणि तळाला 'टी' आहे. डायल युद्धातलं नाही, वाद संपला. किरणोत्साराचं गणितही मजेशीर आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल साधारण १२.३ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत सोळावा हिस्सा उरतो. रेडियमचा १६०० वर्षं, म्हणजे ऐंशी वर्षांनीही ९६ टक्क्यांहून जास्त शिल्लक. चमक गेलेली असते ती रंगातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे, रेडियम तसंच असतं. म्हणून असं जुनं डायल स्वतः खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

आता केस, म्हणजे धातूची डबी. हा माझा आवडता भाग. आपल्या पट्ट्यात धातू ओळखायची बंदूक, एक्सआरएफ, कुठल्याही बऱ्या स्पेक्ट्रो लॅबमध्ये असते. रॉड ३०४ म्हणून आला तो खरंच ३०४ आहे का, हे भोसरी-चाकणमध्ये रोज तपासलं जातं. हीच बंदूक घड्याळावर धरली तर? ३०४ पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६एल मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. ९०४एल मध्ये निकेल २५ टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम ४ ते ५, आणि वर १ ते २ टक्के तांबं. रोलेक्सने १९८५ पासून हळूहळू ९०४एल वापरायला सुरुवात केली. म्हणजे आजच्या काळातलं 'रोलेक्स' आणि केसमध्ये मॉलिब्डेनमच नाही, तर पुढे बघायची गरज नाही.

पण इथे एक खड्डा आहे, आणि तो समजला तर तुम्हाला उपकरणांबद्दल बरंच काही समजेल. जुन्या स्वस्त घड्याळांची केस पितळेची असते, वर निकेल आणि त्याच्यावर अगदी मायक्रॉनहून पातळ क्रोमियम. बंदूक धरली की पडद्यावर क्रोमियम दिसतं, निकेल दिसतं. घाईत असलेला माणूस म्हणतो, स्टेनलेस. अहो, लोखंड कुठाय? स्टेनलेस पोलादात अर्ध्याहून जास्त लोखंड असायला हवं. इथे त्याच्या जागी खालून तांबं आणि जस्त डोकावतंय. उपकरण खोटं बोललं नाही. ते पृष्ठभागाबद्दल बोललं आणि आपण ते सगळ्या वस्तूबद्दल ऐकलं. शिवाय ही बंदूक कार्बन मोजू शकत नाही, त्यामुळे ३१६ आणि ३१६एल यांतला फरक तिला कळत नाही. तो कळायला स्पार्कची चाचणी लागते, आणि ती धातूवर जळका डाग सोडते. कारखान्यातल्या नमुन्याच्या तुकड्यावर तो चालतो, कुणाच्या आजोबांच्या घड्याळावर चालत नाही. कुठल्या माहितीसाठी वस्तूचं किती नुकसान करायचं, हा प्रश्न पुरातत्त्ववाल्यांना रोज पडतो. आपल्याला शिकवतच नाहीत.

आता महागड्यांकडे. चाकणमध्ये जर्मन मोटारींचे कारखाने आले, पगार वाढले, मनगटंही बदलली. त्याबरोबर 'फर्स्ट कॉपी' हा शब्द इतका रुळला की लोक तो लाजेशिवाय वापरतात. शब्द बघा किती हुशार आहे: कॉपी आहे हे कबूल, पण पहिली! कायद्याच्या दृष्टीने त्यात पहिलं-दुसरं काही नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पूर्वी सांगायचे, 'सेकंद काटा टकटक करत पळत असेल तर नकली, सरकत जात असेल तर असली.' हा सल्ला आता मोडीत काढा. आजच्या चांगल्या नकलेत २८,८०० ठोक्यांचंच स्वयंचलित मशीन असतं, काटा तसाच सरकतो. तारखेवरचं भिंग, काचेवर सहाच्या जवळचा सूक्ष्म मुकुट, आतल्या कडेवर कोरलेला नंबर, सगळ्याची नक्कल होते. जी खूण प्रसिद्ध झाली ती नकलाकाराच्या यादीत गेली. त्यामुळे मशीन उघडून बघणारा जाणकार आणि खरेदीची साखळी, याला सध्या तरी पर्याय नाही.

स्विस लोकांना या बाबतीत फार सोवळं मानू नका, हेही सांगते. अठराव्या शतकात लंडनच्या नामांकित घड्याळजींची खोटी नावं कोरून युरोप खंडात बनवलेली घड्याळं विकली जात होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन वॉल्थमची नक्कल करणारे कारखानदार स्वित्झर्लंडमध्येच होते. आज 'स्विस मेड' हे शब्द आपल्याला निसर्गनियमासारखे वाटतात, पण ती कायद्यातली व्याख्या आहे आणि ती बदलत आलीय. १९७१ च्या अध्यादेशाने ती नक्की झाली. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्विस असावा लागतो. म्हणजे उरलेला भाग कुठूनही आलेला असू शकतो आणि तरीही घड्याळ 'अस्सल स्विस'. अस्सलपणाला तारीख असते. तुमच्या प्रबंधात 'अस्सल' शब्द आला की शेजारी साल लिहा.

'मग कंपनीच्या दप्तराशी नंबर जुळवला की झालं!' असं तुम्हाला वाटत असेल. दप्तरं उपयोगी आहेतच. लाँजिन्सकडे एकोणिसाव्या शतकापासूनच्या नोंदी आहेत आणि जुन्या मशीनच्या नंबरवरून ते कधी, कुणाला पाठवलं ते सांगता येतं. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला काय झालं ते ऐका. फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं एक पहिल्या पिढीतलं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. विक्रमच होता. विकत घेणारी खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं, आणि यात कंपनीचेच तीन माजी कर्मचारी सामील होते. ज्यांच्या हाती दप्तर होतं, त्यांच्या घरातूनच हे झालं. खोट्याला उजेडात आणलं ते बाहेरच्या एका अभ्यासकाने आणि एका स्विस वर्तमानपत्राने, जुनी छायाचित्रं आणि भाग एकमेकांशी ताडून. नंबर दप्तराशी जुळणं म्हणजे फक्त नंबर दप्तराशी जुळणं.

उलट टोकाचं उदाहरण २००९ चं. न्यूयॉर्कमध्ये गांधीजींच्या काही वस्तू लिलावात आल्या, त्यात झेनिथचं एक खिशातलं घड्याळ होतं. ते घड्याळ, चष्मा, चपला, ताट-वाटी मिळून १८ लाख डॉलरला विजय मल्ल्या यांनी घेतलं. यात धातूची, ठोक्यांची, ज्वेल्सची किंमत जवळपास शून्य. सगळी किंमत 'हे कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं' या साखळीची. एक्सआरएफची बंदूक तिथे काही सांगू शकत नाही.

ही साखळी आपल्या पट्ट्यातल्या लोकांना खरं तर कुणी शिकवायला नको. चाकणच्या कुठल्याही फोर्जिंग युनिटमध्ये विचारा. प्रत्येक बिलेटला हीट नंबर असतो. उद्या गाडीचा एखादा भाग मोडला तर तो कुठल्या लॉटचा, कुठल्या पाळीत बनला, पोलाद कुठल्या भट्टीतलं, इथपर्यंत मागे जाता येतं. त्याला ते ट्रेसेबिलिटी म्हणतात. ऑडिटर आला की त्याच्याच फायली आधी निघतात. संग्रहालयवाले यालाच प्रोव्हेनन्स म्हणतात आणि तुमचे गाइड 'साधनाचा स्रोत काय?' असं विचारतात. मुलाखतीत हे उदाहरण वापरलंत तरी हरकत नाही.

आता घरच्या घड्याळाबद्दल, कारण ही पोस्ट वाचून काही जण कपाट उघडणार. सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी फोटो काढा: डायल, बाजू, मागचं झाकण, पट्ट्याचं बक्कलसुद्धा. घड्याळजीला स्पष्ट सांगा, डायलला हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही. तो म्हणेल, 'अहो, नवं करून देतो.' नको म्हणा. कुणी, कधी, कुठे घेतलं ते घरातल्या मोठ्या माणसाला आजच विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा. दुकानाची पावती असेल तर देवच पावला.

आणि झाकण उघडलं की आतल्या बाजूचा फोटो जरूर घ्या. तिथे सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे आणि अक्षरं दिसतील. ते ओरखडे नाहीत. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर घड्याळजी आपली खूण करून ठेवायचा, कधी तारीख, कधी पावतीचा नंबर, कधी फक्त त्याची सही. एका जनताच्या झाकणात मी अशा सात खुणा मोजल्यात, वेगवेगळ्या हातांच्या. रंगवणाऱ्यांना झाकणाच्या आत रस नसतो, त्यामुळे डायल बदललेल्या घड्याळातही त्या बहुतेक वेळा शाबूत असतात. पिंपरी कॅम्पातले, चिंचवड गावातले, भोसरीतले जुने घड्याळजी आता फार थोडे उरलेत, आणि कुठली खूण कुणाची हे ओळखणारे तेच आहेत. अशी झाकणं आणि खुणा गोळा करायला कुणी तयार असेल तर मला लिहा. सध्या माझ्याकडे एकतीस फोटो आहेत.